घरामागची बाग उत्तरेकडे तोंड करून आहे, तिला ऊन कमी मिळेल का?

हिवाळ्यात बरंच कमी मिळेल, उन्हाळ्यात मात्र फरक वाटतो तेवढा राहत नाही. कर्कवृत्ताच्या उत्तरेला भर दुपारचा सूर्य कायम दक्षिणेकडे असतो, म्हणून घराची सावली थेट तुमच्या बागेत पडते. ती किती लांब पडेल हे सूर्याच्या उंचीवर ठरतं. ४० अंश अक्षांशावर डिसेंबरच्या २१-२२ तारखेला सूर्य दुपारीसुद्धा जेमतेम २६-२७ अंश वर येतो आणि ६ मीटर उंच भिंतीची सावली १२ मीटर लांब जाते. जूनच्या २१ तारखेला तो ७३ अंशांवर असतो, तेव्हा तीच सावली २ मीटरच्या आत येते. शिवाय तेव्हा सूर्य ईशान्येला उगवून वायव्येला मावळतो, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ भिंतीलाही ऊन लागतं. म्हणून भिंतीलगत नेच्यासारखी सावलीतली झाडं लावा. टोमॅटो, मिरचीचे वाफे घरापासून लांबच्या टोकाला, उन्हाळी हंगामात.

पूर्वेच्या बागेला सकाळचं कोवळं ऊन मिळतं. पश्चिमेच्या बागेला तास जवळपास तेवढेच, पण हवा आधीच तापलेली असल्याने माती लवकर सुकते आणि पालेभाज्या वेळेआधी फुलोऱ्यावर येतात.

दिशा बघताना भिंतीकडे पाठ करून उभे राहा, पण लोखंडी जाळीपासून २-३ मीटर दूर. लोखंडाजवळ फोनचं होकायंत्र चुकतं.

दक्षिण गोलार्धात उत्तर-दक्षिणेचा हा हिशेब उलटा करायचा. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या मधल्या पट्ट्यात वर्षातला काही काळ सूर्य डोक्यावरून पलीकडे जातो, तेव्हा बाजू बदलतात.