हात-पाय अजून स्प्लेंडरवरच आहेत

ऐरोली, रविवार दुपार

प्रिय भाचीबाई,

तुझ्या आईचा काल फोन येऊन गेला. ‘एवढी मोठी गाडी घेतलीच कशाला’ हे तिचं म्हणणं मी तिला मनसोक्त बोलू दिलं. तुझा प्रश्न मात्र निराळा आहे. इतकी वर्षं स्प्लेंडर चालवलीस, घोडबंदर रोडच्या गर्दीत चालवलीस, मग शोरूमपासून मानपाड्याच्या घरापर्यंत ही रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० आणताना घाम का फुटला? अगं, गाडी बदलली, पण हात-पाय अजून स्प्लेंडरवरच आहेत. नव्याने शिकणारी पोरगी प्रत्येक गोष्ट विचार करून करते. तू विचार न करता करतेस, आणि गोची तिथेच आहे.

आधी गिअर बघ. स्प्लेंडरचे चारही गिअर पुढे. पंजा दाबत गेलं की गिअर चढत जातात, टाच दाबली की उतरतात. क्लासिक ३५०ला पहिला खाली आणि बाकीचे चार वर. म्हणजे पहिला टाकल्यावर पुढचे सगळे टाचेने, नाहीतर पंजाने दांडी वर उचलून. पंजा दाबलास की गिअर उतरतो. अगदी उफराटं. रबाळ्याच्या पुढे ठाणे-बेलापूर रस्ता मोकळा मिळाला, चौथ्यात पन्नासने चालली आहेस आणि पाचवा टाकायला सवयीने पंजा दाबलास, तर पडेल तिसरा. इंजिन ओरडेल, गाडी एकदम मागे ओढल्यासारखी होईल, आणि मागच्या कंटेनरवाल्याला तुझा ब्रेकलाइट दिसणार नाही, कारण तू ब्रेक दाबलेलाच नाहीस. सिग्नलला याच्या उलट. थांबता थांबता गिअर उतरवायला टाच दाबलीस की तो चढेल. हिरवा लागल्यावर क्लच सोडशील आणि गाडी चौथ्यात बंद पडेल, दोन्ही बाजूंनी रिक्षावाले हॉर्न वाजवत.

याला उपाय एकच, आणि तो बावळटासारखा वाटेल. पहिले पंधरा दिवस हेल्मेटच्या आत तोंडाने म्हणायचं: टाचेने चढ, पंजाने उतर. कोणाला ऐकू जात नाही. आणि महिनाभर दुसऱ्या कोणाची स्प्लेंडर हातात घ्यायची नाही. ऑफिसातलं कोणी ‘जरा नाक्यापर्यंत जाऊन ये’ म्हणून किल्ली देईल, तर चालत जा. पायाला एका वेळी एकच शिकवणी झेपते. न्यूट्रलसुद्धा आता पहिल्या आणि दुसऱ्याच्या मध्ये आहे, तिथे हलकाच स्पर्श पुरतो. जोर लावलास की थेट दुसरा.

आता ब्रेक. तुझी स्प्लेंडर २०१९ची. त्याच वर्षीच्या १ एप्रिलपासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना जोडलेले ब्रेक किंवा एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा), आणि त्यावरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. तुझ्या गाडीला जोडलेले होते, म्हणजे पायाचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागायचा. म्हणूनच तू आजवर पायावर निभावून नेलंस. तुला चालवताना मी पाहिलं आहे, उजव्या हाताची बोटं नुसती शोभेला असतात. क्लासिकमध्ये पाय फक्त मागच्या चाकाचा. आणि ब्रेक लागला की सगळा भार पुढच्या चाकावर जातो, मागचं हलकं होतं, तेव्हा गाडी खरी थांबवतो तो पुढचा ३०० मिलिमीटरचा डिस्क. पायावर भिस्त ठेवलीस तर गाडी ‘थांबतच नाही’ असं वाटेल आणि तू कंपनीला शिव्या देशील.

साठने जाताना एका सेकंदात गाडी जवळपास सतरा मीटर पुढे जाते, एनएमएमटीच्या बसच्या लांबीपेक्षा जास्त, आणि हे ब्रेकला हात जायच्या आधीचं. तिथून पुढे थांबायला लागणारं अंतर चाळीसच्या मानाने दुपटीहून अधिक. म्हणून ही तालीम रविवारी सकाळी महापे एमआयडीसीतल्या आतल्या रस्त्यांवर कर. उभे ट्रक सोडले तर तिथे कोणी नसतं. आधी तीसने जा आणि एखाद्या खांबाशी थांब, मग चाळीसने. लिव्हर झटक्यात ओढायचा नाही, दाब वाढवत न्यायचा. एकदा मुद्दाम एवढा जोर लाव की एबीएस चालू होऊन लिव्हर बोटांखाली थरथरेल. बऱ्याच जणी या थरथरीला घाबरून लिव्हर सोडतात. सोडायचा नाही, ती यंत्रणा आपलं काम करत असते. हे एकदा मोकळ्या रस्त्यावर अनुभवलेलं असलं की माजिवड्याला बस आडवी आल्यावर हात आपोआप टिकतो.

पण हाच पुढचा ब्रेक एका जागी वैरी आहे, आणि मोठ्या गाडीवरून मुली पडतात त्या बहुतेक तिथेच. सोसायटीच्या गेटातून आत येतेस, हँडल पूर्ण वळलेलं, गाडी चालण्याच्या वेगाने, आणि समोर पोरगं सायकल घेऊन येतं. तू पुढचा ब्रेक दाबतेस. वळलेल्या चाकावर गाडी जागच्या जागी थबकते आणि आतल्या बाजूला कलंडते. तिथे एबीएस कामाला येत नाही. हँडल वळलेलं असताना आणि वेग नसताना ब्रेक फक्त पायाचा. जोडीला हाफ क्लच: थोडी रेस, क्लच अर्धा, पायाचा ब्रेक किंचित. ऑइलमध्ये बुडालेला क्लच आहे, थोडा वेळ घसरवल्याने जळत नाही. आणि नजर चाकाच्या पुढ्यात ठेवू नकोस, जिथे जायचं तिथे ठेव. यू-टर्न घेताना मान आधी वळली पाहिजे. मोकळ्या रस्त्यावर दोन विटा ठेवून आठाचा आकडा काढ, उजवीकडचं वळण जास्त दमवेल. का ते तुझं तुला कळेल.

वजनाचं म्हणशील तर स्प्लेंडर ११२ किलोची, ही १९५. चालू गाडीवर हा फरक तुला आठवड्याभरात जाणवेनासा होईल. जाणवतो तो उभ्या गाडीला ढकलताना. डाव्या बाजूला उभी राहा, सीट कमरेला लागू दे, गाडी उजवीकडे नव्हे तर किंचित तुझ्याकडे कललेली. भरलेली कळशी कमरेवर घेतली की जड लागत नाही, हात लांब करून धरली की खांदा तुटतो, तसंच हे. डबल स्टँडवर घ्यायला दंडाची ताकद लागत नाही. स्टँडच्या दांडीवर टाच ठेवायची, स्टँडचे दोन्ही पाय जमिनीला टेकेपर्यंत गाडी सरळ करायची आणि मग अंगाचं सगळं वजन त्या टाचेवर द्यायचं. गाडी स्वतः चढते.

पार्किंगमध्ये एक नियम पाळ: उताराकडे तोंड करून गाडी कधी लावायची नाही. हिला रिव्हर्स नाही आणि चढावर १९५ किलो मागे ओढणं तुझ्या-माझ्या बसकी बात नाही. तुमच्या सोसायटीच्या तळघरातल्या टाइल्स पावसाळ्यात ओल्या असतात, तिथे पाय टेकताना तळव्याखाली काय आहे ते बघ. सीटची उंची ८०५ मिलिमीटर, तुझे दोन्ही पाय सपाट टेकत नाहीत हे मला माहीत आहे. टेकायला हवेतच असं नाही. डावा पाय जमिनीवर, उजवा ब्रेकवर, हीच थांबण्याची रीत. कापूरबावडीच्या पुलावर चढात गाडी अडकली की हेच उपयोगी पडतं: पायाचा ब्रेक धरून ठेव, क्लच पकडेपर्यंत सोड, गाडीने पुढे जोर केला की मग ब्रेक सोड. सीटचा फोम कापून घ्यायला मात्र घाई करू नकोस. आधी जाड, सपाट तळाचे बूट घाल आणि महिनाभर थांब.

गाडी एकदा तरी आडवी होईलच. होऊ दे. एका हद्दीपलीकडे कलली की ती धरून ठेवायचा हट्ट करायचा नाही, पाय बाजूला काढायचा आणि सोडून द्यायची. लेग गार्डला ओरखडा येतो, पाठीचा मणका वाचतो. उचलताना आधी इंजिन बंद. उजवीकडे पडली असेल तर साईड स्टँड आधीच काढून ठेव, नाहीतर उचललीस तशी पलीकडे जाईल. मग सीटकडे पाठ करून बस, एक हात हँडलला, दुसरा मागच्या दांडीला, आणि पायांच्या जोराने मागे मागे चालत ती उभी कर. आणि कोणी मदतीला आलं तर नको म्हणू नकोस. ठाण्यात पडलेली गाडी उचलायला माणसं धावतात, एवढं चांगलं अजून आहे.

लेग गार्डवरून आठवलं. तो बसवलास ते बरं केलंस, पण गाडी आता तितकी रुंद झाली. कळवा पुलावर दोन बसच्या मधून जो कट तू मारायचीस, तो आता नाही. घोडबंदरला मेट्रोच्या कामाचे पत्रे लागलेत तिथे तर नाहीच. स्प्लेंडर फटीतून निघायची, ही रांगेत उभी राहणारी गाडी आहे. ऑफिसला थोडी उशिरा पोचशील.

पावसाळा तोंडावर आहे म्हणून रस्त्याचं थोडं. विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी साचलं की खालचे खड्डे दिसत नाहीत. समोरचा रिक्षावाला कुठे डचमळतो ते बघून रेघ ठरव. ओले झेब्रा पट्टे, गटाराची झाकणं, पुलाचे लोखंडी सांधे, पेव्हर ब्लॉक यांवर गाडी सरळ ठेवायची, ब्रेक किंवा रेस तिथे बदलायची नाही. आणि ओल्यात गिअर एकदम दोन उतरवू नकोस. या मोठ्या सिंगल सिलिंडरचा इंजिन ब्रेक, म्हणजे रेस सोडल्यावर इंजिन गाडीला मागे धरतं तो जोर, स्प्लेंडरपेक्षा खूप जोरकस आहे, क्लच फटकन सोडलास तर मागचं चाक सरकतं. एकेक गिअर, क्लच हळू. गायमुखचा घाट पहिल्या पावसात टाळलास तर उत्तम.

ताकदीबद्दल तू इतकं विचारलं आहेस, मला त्याचीच कमी काळजी वाटते. २० बीएचपी म्हणजे काही विमान नव्हे. फरक इतकाच की ओढ खालूनच मिळते, २७ न्यूटन-मीटर, इंजिनाच्या मिनिटाला चार हजार फेऱ्यांनाच. स्प्लेंडरसारखी रेस चढवत बसू नकोस, तसंच चाळीसने जाताना पाचवा टाकून इंजिन धडधडवतही ठेवू नकोस. गाडी आवाजाने सांगते. पाम बीच रोडला ‘जरा खोलून बघू’ हे मात्र करायचं नाही. तो रस्ता सरळ दिसतो म्हणूनच माणसं तिथे मरतात. पहिल्या ५०० किलोमीटरच्या सर्व्हिसिंगपर्यंत तर एकाच वेगाने लांब पल्ला नको, इंजिनाला चढ-उतार मिळू दे.

बाकी किरकोळ. चेन आता उघडी आहे, स्प्लेंडरसारखी पेटीत झाकलेली नाही. दर पाचएकशे किलोमीटरला पुसून ल्यूब मार, पावसात त्याआधीच. तुझं जाणं-येणं रोजचं चाळीस किलोमीटर धरलं तर पेट्रोल दिवसाला साधारण अर्धा लिटर जास्त लागेल, महिन्याला बारा-तेरा लिटर. हिशेब आधीच करून ठेव, नंतर आईपुढे रडू नकोस. सायलेन्सर बदलायचा विचार मनात असेल तर हे पत्र इथेच फाडून टाक.

आईला डबलसीट घ्यायची घाई करू नकोस. आधी माझ्यासारखी कोणीतरी बसव, जिला चालवता येतं आणि जी ओरडणार नाही. मागे माणूस बसलं की पुढचं हलकं होतं, चढात आणि थांबताना तोल वेगळाच लागतो. मागचे शॉक सहा टप्प्यांत घट्ट करता येतात, सर्व्हिस सेंटरवाल्याकडून एकदा करून बघ. हवाही डबलसीटसाठी वेगळी भरायची, आकडे पुस्तिकेत आहेत. आणि आईला सांगून ठेव की गाडी साईड स्टँडवर असताना चढायचं नाही, तू ‘बस’ म्हटल्यावरच. साडी असेल तर त्या दिवशी रिक्षा.

पुढच्या रविवारी सकाळी सातला महाप्याला ये, विटा मी आणते.

तुझी,
ऐरोलीची मावशी

ता. क. स्प्लेंडर एक्सचेंजमध्ये दिलीस, चेक घेतलास आणि विसरलीस, असं दिसतंय. आरसी दुसऱ्याच्या नावावर होईपर्यंत आरटीओच्या दप्तरात मालक तूच. उद्या त्या गाडीचा अपघात झाला किंवा तिच्यावर ई-चलान आलं तर बोलावणं तुला. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या केल्या असशील तर त्यांचे फोटो आणि गाडी ताब्यात दिल्याची तारखेनिशी पावती मागून घे, आणि महिन्याभरात परिवहनच्या साइटवर नंबर टाकून नाव बदललं का ते पाहा. आणि स्प्लेंडरच्या विम्याचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल मिळणारी सूट) गाडीबरोबर जात नाही, तो तुझा आहे. त्याचं प्रमाणपत्र जुन्या विमा कंपनीकडून घे, तीन वर्षांत वापरता येतं. शोरूमवाल्याने नव्या विम्यात तो धरला नसेल तर उद्याच फोन कर.