गोळ्या सोडून गांजा? कॅनडाला निघालेल्या एका धाकट्याला उत्तर

तुझा प्रश्न थोडक्यात असा: चिंतेसाठी दोन वर्षं एस्सिटालोप्राम (चिंता-नैराश्यावरची रोजची गोळी) १० मिलिग्रॅम चालू आहे, फारच घाबरायला झालं तर क्लोनाझेपामची (लगेच शांत करणारं, गुंगी आणणारं औषध) अर्धी गोळी, आणि दोन महिन्यांनी कॅनडाला यायचंय. तिथे गांजा दुकानात मिळतो, मग गोळ्यांची कटकट संपवून तोच घेतला तर चालेल का? ताई म्हणून विचारलंस, तर ताईसारखंच सांगते. आत्ता नको. येण्याआधी नको आणि आल्यावर पहिलं वर्षभर तरी नको. मी डॉक्टर नाही, पण हा उद्योग करून बसलेली आहे.

मी २०१७ साली आले तेव्हा सर्ट्रालिन घेत होते, तुझ्या एस्सिटालोप्रामच्याच जातीची गोळी. आणलेल्या गोळ्या संपल्या, फॅमिली डॉक्टर मिळेना. (ही इथली जुनी रड आहे, तुलाही भेटेलच.) शिवाय गोळीचा कंटाळाही आला होता. वजन वाढलं होतं, नवऱ्याजवळ जावंसं वाटेनासं झालं होतं, आणि हे कुणाशी बोलायचीही चोरी. म्हणून मी एका आठवड्यात गोळी बंद करून टाकली. चक्कर, मान वळवली की डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं, विनाकारण रडू. ते निस्तरताना १७ ऑक्टोबर २०१८ ला गांजा कायदेशीर झाला आणि मी रात्री झोपेसाठी थोडा ओढायला लागले.

सुरुवातीला खरंच बरं वाटलं, ते नाकारत नाही. गोळीला परिणाम दाखवायला दोन ते सहा आठवडे लागतात, याला दहा मिनिटं. पण चार महिन्यांत थोड्यावर भागेना. मग भारतात घरी जायचं ठरलं. कॅनडातून गांजा बाहेर नेणं किंवा आत आणणं हा गुन्हा आहे, डॉक्टरांचा कागद असला तरी. म्हणून निघायच्या दिवशी बंद केला. दुसऱ्या रात्रीपासून झोप उडाली, घामाने अंथरूण भिजायचं, छाती धडधडायची, कुणी साधं बोललं तरी अंगावर जायचे. मला वाटलं, आजार उलटला आणि आता तर दुप्पट झाला. परतल्यावर डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, रोज घेत होतात ना? रोज घेणाऱ्याने अचानक थांबवलं की नेमकं हेच होतं: चिडचिड, निद्रानाश, घबराट. म्हणजे मी ज्याला चिंतेवरचं औषध समजत होते, त्याची उणीव चिंतेचंच सोंग घेऊन येत होती. यातून बाहेर पडणं कठीण, कारण पुन्हा ओढलं की लगेच बरं वाटतं आणि औषध लागू पडल्याची खात्री पटते.

गांजातला टीएचसी, म्हणजे झिंग आणणारा घटक, थोडा असेल तर मन सैल होतं, जास्त झाला तर तोच घबराट आणतो, संशय आणतो, काहींना थेट पॅनिक अटॅक. थोडा म्हणजे किती, हे माणसागणिक बदलतं. खायच्या प्रकारात अजून पंचाईत: परिणाम सुरू व्हायलाच अर्धा ते दोन तास जातात आणि पूर्ण चढायला चारसुद्धा. गांजातलाच दुसरा घटक सीबीडी, त्याने झिंग येत नाही, आणि लोक त्याचंच नाव घेतात. एका छोट्या प्रयोगात सामाजिक भीती असलेल्या २४ जणांपैकी निम्म्यांना भाषणाआधी सीबीडी दिलं, तर त्यांची भीती कमी झाली. पण डोस होता ६०० मिलिग्रॅम. दुकानातल्या तेलाचे काही थेंब म्हणजे त्याचा अगदी क्षुल्लक भाग. अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीज या विज्ञानसंस्थेने २०१७ साली सगळं संशोधन चाळलं तेव्हा सीबीडीच्या बाजूने मर्यादित पुरावा निघाला. नियमित गांजा घेणाऱ्यांत सामाजिक भीतीचा विकार जास्त आढळतो, याचा पुरावा मात्र त्याहून बळकट होता.

आणि ‘दोन्ही थोडं थोडं घेईन’ हा विचार मनात असेल तर: सीबीडी यकृतातलं जे एन्झाइम अडवतं, त्यानेच एस्सिटालोप्रामचं विघटन होतं. गोळी दहाचीच राहते, रक्तातलं प्रमाण वाढू शकतं. क्लोनाझेपामसोबत गुंगी वाढते. हे फार्मासिस्टला न लाजता विचार. गांजाच्या दुकानातल्या पोरांना विचारू नकोस, औषधी गुण सांगायची त्यांना कायद्यानेच मनाई आहे.

‘कायदेशीर’ या शब्दावर फार विसंबू नकोस. वयाची अट अल्बर्टात १८, क्वेबेकात २१, बहुतेक ठिकाणी १९. खिशात ३० ग्रॅमपर्यंत चालतो. पण नशेत गाडी चालवणं हा डिसेंबर २०१८ पासून कमाल १० वर्षं शिक्षेचा गुन्हा आहे, त्यामुळे नागरिक नसलेल्याची पर्मनंट रेसिडेन्सीसुद्धा जाऊ शकते. रोज घेणाऱ्याच्या रक्तात टीएचसी झिंग उतरल्यावरही दिवसेंदिवस राहतो, हे लक्षात घे. अमेरिकेच्या सीमेवर ‘मी गांजा घेतो’ एवढं कबूल केलंस तरी प्रवेश नाकारला जाऊ शकतो. तिथल्या केंद्रीय कायद्यात तो अजून गुन्हाच आहे.

गोळी आवडत नसेल तर ती सोडण्याचा रस्ता आहे, पण डॉक्टरांसोबत, डोस हळूहळू उतरवत, आणि आयुष्य जरा स्थिर असताना. नवी नोकरी, नवं घर, दुपारी साडेचारला अंधार पडणारा पहिला हिवाळा, यात ते करू नकोस. सीबीटी प्रकारचं समुपदेशन (विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारं) मला गोळीइतकंच उपयोगी पडलं, ते तिकडूनच सुरू कर. मी पुन्हा सर्ट्रालिनवर आले, कमी डोसवर आहे. वजनाची तक्रार अजून आहेच.

निघण्याआधी मानसोपचारतज्ज्ञांकडून इंग्रजीत पत्र घे: आजाराचं नाव, औषधांची जेनेरिक नावं, डोस, कधीपासून. गोळ्या ९० दिवसांपुरत्या किंवा एका कोर्सच्या, जे कमी असेल तेवढ्याच आणता येतात, आणि मूळ वेष्टनात. कापलेल्या पट्ट्या नकोत, नाव आणि तारीख दिसली पाहिजे. क्लोनाझेपाम इथे नियंत्रित औषध आहे, त्याचं वेगळं विचारून घे. इटिझोलाम (क्लोनाझेपामसारखीच एक गोळी) कुणी ‘सौम्य आहे, ने सोबत’ म्हणून दिली तर घेऊ नकोस. इथे तिला औषध म्हणून मान्यताच नाही. उतरल्यावर पहिल्याच आठवड्यात वॉक-इन क्लिनिकमध्ये (वेळ न ठरवता जाता येतं तो दवाखाना) जा. पट्टीतल्या शेवटच्या चार गोळ्या उरेपर्यंत मी थांबले होते, तू थांबू नकोस.