दोन रजिस्टरांच्या मधला माणूस

नाशिक

अनेक आशीर्वाद.

तुझा तक्ता मिळाला. प्राथमिक आरोग्य केंद्रांतली क्षयरोगाची सेवा कितपत चांगली आहे हे मोजायला तू 36 प्रश्न काढले आहेस. मायक्रोस्कोप आहे का, ट्रूनॅट (बेडक्यातले जंतू शोधणारं यंत्र) चालू आहे का, गोळ्यांचा साठा किती महिन्यांचा, भिंतीवर पोस्टर आहे का. प्रश्न चुकीचे नाहीत, पण ते सगळे दवाखान्याबद्दल आहेत. पेशंटचं पुढे काय झालं, हे त्यांतून कळत नाही. आरोग्यसेवेच्या गुणवत्तेचे अभ्यासक अवेडिस डोनाबेडियन यांनी 1966 सालीच सांगून ठेवलंय की गुणवत्ता तीन अंगांनी पाहावी: साधनं, प्रत्यक्ष काम आणि परिणाम. साधनं मोजणं सोपं, म्हणून आपण सगळेच तिथे अडकतो.

मी दुसऱ्या टोकाला अडकलो होतो. सुरुवातीची काही वर्षं मी फक्त ‘उपचार यशस्वी किती टक्के’ एवढंच पाहायचो. पेठ तालुक्यातल्या एका केंद्रात हा आकडा फार चांगला होता. एकदा तिथे डॉक्टरांची वाट बघत बसलो असताना मी सहज प्रयोगशाळेचं रजिस्टर ओढलं, शेजारी उपचाराचं रजिस्टर ठेवलं आणि पट्टी धरून नावं जुळवायला लागलो. बेडक्यात जंतू सापडले की ती नोंद लाल शाईने करायची पद्धत होती. एक लाल नाव उपचाराच्या रजिस्टरात कुठेच सापडेना. वय 26. आशाताईंना विचारलं, तर म्हणाल्या, “तो निफाडला गेला, द्राक्षाच्या छाटणीला.” रिपोर्ट यायच्या आधीच मजुरांची टोळी निघून गेली होती. पाच आठवड्यांनी तो बागेच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये सापडला, बायको आणि तान्हं मूल त्याच खोलीत. त्या केंद्राच्या टक्केवारीत तो नापासांतही नव्हता. तो त्या हिशेबात नव्हताच, कारण हिशेब पहिल्या गोळीपासून सुरू होत होता.

म्हणून माझं एकच सांगणं आहे: छेद, म्हणजे टक्केवारी ज्या एकूण माणसांवर काढायची ती संख्या, कुठून धरतेस ते आधी ठरव. संशोधक रामनाथ सुब्बरामन आणि सहकाऱ्यांनी 2016 साली हेच देशपातळीवर करून दाखवलं. सरकारी क्षयरोग कार्यक्रमात नोंदलेल्या नव्या रुग्णांत यशाचं प्रमाण 80 टक्क्यांच्या वर सांगितलं जात होतं. त्यांनी छेदात 2013 सालचे देशातले सगळे अंदाजे 27 लाख रुग्ण धरले. तेव्हा दिसलं की सरकारी उपचाराने बरे होऊन पुढे वर्षभर आजार न उलटलेले जेमतेम 39 टक्के. बाकीचे वाटेत गळाले होते: कुणी दवाखान्यापर्यंत पोचलं नाही, कुणाचं निदान झालं नाही, कुणाचं निदान होऊनही औषध सुरू झालं नाही. तुझ्या तक्त्यात ही प्रत्येक गळती वेगळी दिसली पाहिजे. क्षयरुग्णांची सरकारी ऑनलाइन नोंद ठेवणारं निक्षय पोर्टल 2012 पासून आहे, त्यावरची यादी घेच, पण प्रयोगशाळेतलं कागदी रजिस्टर उघडल्याशिवाय परत येऊ नकोस.

मग दिवस मोज. खोकला कधी सुरू झाला, पहिल्यांदा कुणाकडे गेला, बेडका कधी दिला, रिपोर्ट कधी आला, पहिली गोळी कधी घेतली. सुरगाण्याच्या बाईला तारीख विचारशील तर ती तुला बरं वाटावं म्हणून काहीतरी सांगेल. त्यापेक्षा होळीच्या आधी की नंतर, भातलावणी चालू होती का, असं विचार. आणि हे घराच्या ओट्यावर चारचौघांत विचारू नकोस. या आजारापायी सुना माहेरी पाठवलेल्या मी पाहिल्या आहेत.

वजनाचा रकाना मला सगळ्यात जास्त बोलका वाटतो. एका कार्डावर मी सहा महिने ओळीने 41, 41, 41 लिहिलेलं पाहिलं. माणसाला काट्यावर उभंच केलेलं नव्हतं. रोज किती गोळ्या द्यायच्या हे वजनावर ठरतं. शिवाय झारखंडमधल्या 2023 च्या अभ्यासात दिसलं की पहिल्या दोन महिन्यांत वजन 5 टक्के वाढलेल्यांत मृत्यूचा धोका 61 टक्क्यांनी कमी होता. तेव्हा हा रकाना खरा भरलाय का, हे सेवेचंच मोजमाप आहे. काटा बरोबर आहे का तेही बघ: 10 लिटर पाण्याचा कॅन ठेवायचा, 10 किलोच्या आसपास दाखवायला हवं.

पेशंट बेडका देत असताना बाजूला उभी राहा. “डबीत थुंका” एवढंच सांगितलं तर माणूस लाळ थुंकतो, आणि लाळेत जंतू सापडायची शक्यता कमी. खोल श्वास घेऊन छातीतून खाकरून काढायला कुणी शिकवलं का, ते टिपून ठेव.

बनावट पेशंट, म्हणजे आजाराचं सोंग घेतलेली शिकवून तयार केलेली माणसं, पाठवायची तुझी कल्पना मला आवडली, पण आत्ता नको. मुंबई आणि पाटण्यात खासगी डॉक्टरांकडे अशा 2,602 भेटी झाल्या आणि त्यांतल्या 35 टक्क्यांतच डॉक्टरांनी पेशंटचा आजार योग्य रीतीने हाताळला. त्यामागे मोठं प्रशिक्षण आणि नैतिक समितीची परवानगी होती. तू बाहेर पडणाऱ्या खोकल्याच्या पेशंटला विचार: बेडका तपासायला सांगितला का? तेवढ्यानेही पुष्कळ कळेल.

आणि तपासणीस म्हणून जाऊ नकोस. क्षयरोगाचा पर्यवेक्षक एका मोटारसायकलवर कितीतरी गावं सांभाळतो. तो घाबरला की रकाने आपोआप भरले जातात. तुझे आकडे सगळ्यात आधी त्याला दाखव, वर पाठवायच्या आधी. ती लाल नावं शोधायला शेवटी तोच जाणार आहे.

तक्ता 12 प्रश्नांवर आण आणि रविवारपर्यंत पाठव. सोमवारी पेठच्या एसटीने जाऊ. पट्टी आठवणीने घे, त्या रजिस्टरच्या ओळी फार जवळ जवळ असतात.

तुझा,
सर