नोकरीच्या धावपळीत वेळच मिळत नाही. खाणंपिणं आणि व्यायाम कसा सांभाळावा?

वेळ लागणारच नाही अशा गोष्टींपासून सुरुवात करा. जेवताना मोबाइल लांब ठेवा. पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचायला साधारण 20 मिनिटं लागतात. भराभर जेवलं की तोवर चार घास जास्तच गेलेले असतात. पाण्याची बाटली टेबलावर, डोळ्यांसमोर असू द्या. बॅगेत राहिली तर संध्याकाळी भरलेलीच घरी येते (माझी यायची!). मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा.

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. पाच दिवस अर्धा तास भरभर चाललात तरी झालं. सलग जमत नसेल तर दहा-दहा मिनिटांचे तुकडे पाडा. फोन आला की उठून चालतच बोला.