वाचकांचे प्रश्न : दोष ड्रायव्हरचा की आपल्या कोडचा?

प्रश्न : चादरीचं जॅकार्ड डिझाईन विणल्यावर कसं दिसेल, ते पडद्यावर दाखवणारा प्रोग्रॅम आम्ही सी प्लस प्लस आणि ओपनजीएल (ग्राफिक्स कार्डाकडून चित्र काढून घेण्याची व्यवस्था) वापरून लिहिला आहे. ऑफिसातल्या मशीनवर तो व्यवस्थित चालतो. अक्कलकोट रोडवरच्या दोन कारखान्यांत मात्र ठरावीक डिझाईन उघडली की बंद पडतो आणि विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (बिघाडांच्या नोंदी) एनव्हिडिया या कार्ड कंपनीच्या ओपनजीएल डीएलएलचं, म्हणजे ड्रायव्हरच्या फाइलचं, नाव येतं. एका ठिकाणी जुना ड्रायव्हर टाकल्यावर क्रॅश थांबला. म्हणजे दोष ड्रायव्हरचाच ना?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : एवढ्यावरून तसं म्हणता येणार नाही. इव्हेंट व्ह्यूअर सांगतो ते क्रॅश कुठे झाला एवढंच. तुम्ही चुकीचा पत्ता दिलात तरी तिथे वाचायला जातो ड्रायव्हर, त्यामुळे नाव त्याचंच लागतं. जुन्या ड्रायव्हरने क्रॅश थांबला, हाही पुरावा नव्हे. आवृत्ती बदलली की मेमरीची मांडणी बदलते आणि तीच चूक काही दिवस दडून राहते.

ठरावीक डिझाईनच पडतात, ही मोठी खूण आहे. त्यांची पिक्सेलमधली रुंदी आधी पाहा. १३४४ हुकांचं डिझाईन (हुकामागे एक पिक्सेल) आरजीबीमध्ये, म्हणजे पिक्सेलमागे ३ बाइट, असेल तर एका ओळीचे ४०३२ बाइट होतात आणि त्याला ४ ने पूर्ण भाग जातो. किनारीचे दोन हूक काढून रुंदी १३४२ केली की ओळ होते ४०२६ बाइटची. ओपनजीएलचं ‘अनपॅक अलाइनमेंट’ (प्रत्येक ओळ किती बाइटच्या पटीत धरायची ते) मुळात ४ असतं, म्हणून ड्रायव्हर प्रत्येक ओळ ४०२८ बाइटची समजून पुढे सरकतो. २४०० ओळींचं डिझाईन असेल तर शेवटी तो तुमच्या बफरच्या (चित्र ठेवलेल्या मेमरीच्या) ४७९८ बाइट पलीकडे वाचत असतो. विंडोज मेमरी पानांत वाटतं आणि एक पान ४०९६ बाइटचं. पलीकडचं पान कुणाच्या वापरात असलं तर चित्र नुसतं तिरकं दिसतं, नसलं तर क्रॅश. ऑफिसात चालतं आणि कारखान्यात पडतं, त्याचं कारण बहुधा हेच. टेक्स्चर, म्हणजे हे चित्र, कार्डावर चढवण्याआधी अलाइनमेंट १ करा.

अर्थात हा अंदाज झाला, तो तपासायला हवा. कारखान्यातल्या मशीनवर विंडोज एरर रिपोर्टिंगच्या ‘लोकलडम्प्स’ या रजिस्ट्री कीखाली तुमच्या एक्झीच्या नावाची की करून डम्पटाइप २ ठेवा, म्हणजे पूर्ण डम्प (क्रॅशच्या क्षणाची मेमरीची नक्कल) मिळेल. तो विनडीबीजी या डीबगरमध्ये उघडून कॉल स्टॅक (कुठल्या फंक्शनने कुठल्याला बोलावलं त्याची यादी) पाहा. फंक्शनांची नावं सांगणारी पीडीबी फाइल नेमकी त्याच बिल्डची हवी; नंतर पुन्हा कंपाइल केलेली चालत नाही. स्टॅकमध्ये तुमचं एकही फंक्शन दिसलं नाही तर घाईने ड्रायव्हरला दोष देऊ नका. एनव्हिडियाचा ड्रायव्हर बरंच काम स्वतःच्या वेगळ्या थ्रेडवर (तुमच्या कोडला समांतर) करतो. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमधलं ‘थ्रेडेड ऑप्टिमायझेशन’ बंद करून पुन्हा क्रॅश करवा. बहुतेक वेळा आता ड्रायव्हरला हाक मारणारी तुमची ओळ स्टॅकमध्ये दिसते.

मग जीफ्लॅग्ज या साधनाने त्या एक्झीला फुल पेज हीप ही मेमरीची कडक तपासणी लावा. त्यात प्रत्येक वाटप पानाच्या शेवटाला टेकवलेलं असतं आणि पुढचं पान बंद, त्यामुळे बफरबाहेर वाचलं की क्रॅश तिथल्या तिथे होतो. ऑफिसातल्या मशीनवरही झाला तर निकाल लागला, चूक कोडमध्ये आहे. काम झाल्यावर पेज हीप आठवणीने काढा, नाहीतर प्रोग्रॅम मेमरी खात रखडेल.

यासोबत ओपनजीएलचा डीबग कॉन्टेक्स्ट घेऊन डीबग कॉलबॅक (चूक दिसली की ओपनजीएल ज्याला कळवतं ते तुमचं फंक्शन) लावा, पण सिंक्रोनस, म्हणजे जागच्या जागी कळवणारा, ठेवा. नाहीतर तक्रार उशिरा येते आणि कुठल्या कॉलची ते कळत नाही. कॉलबॅक गप्प राहिला म्हणून कोड निर्दोष ठरत नाही. तुमचा बफर किती मोठा आहे हे ओपनजीएलला ठाऊकच नसतं, वरची अलाइनमेंटची चूक त्याला दिसणार कशी?

ड्रायव्हरवर बोट ठेवायचं तर निकष कडक हवेत. पेज हीप स्वच्छ, कॉलबॅक स्वच्छ, मेसाच्या सॉफ्टवेअर रेंडररवर (कार्डाविना चित्र काढणारं ओपनजीएल) आणि दुसऱ्या कंपनीच्या कार्डावर प्रोग्रॅम नीट, आणि शे-दोनशे ओळींच्या छोट्या प्रोग्रॅममध्येही ड्रायव्हरच्या एका ठरावीक आवृत्तीपासून पुढे तोच क्रॅश. एवढं जमलं तर कार्ड कंपनीला तो छोटा प्रोग्रॅमच पाठवा. तुमचं अख्खं सॉफ्टवेअर तिथे कुणी उघडून बसणार नाही.

प्रश्न : मोठं डिझाईन झूम केलं की पडदा काळा होतो आणि डिस्प्ले ड्रायव्हर बंद पडून पुन्हा सुरू झाल्याचा संदेश येतो. रजिस्ट्रीत ‘टीडीआर डिले’ (विंडोज कार्डासाठी किती सेकंद थांबतं ते) वाढवायला सांगितलं आहे. वाढवू का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : तपासापुरता वाढवा, इलाज म्हणून नको. कार्डाने एखादं काम २ सेकंदांत सोडलं नाही तर विंडोज कार्ड रीसेट करतं. सिस्टिम लॉगमध्ये ४१०१ क्रमांकाची नोंद दिसेल. डिले १० करून मशीन रीस्टार्ट करा. काम चार-पाच सेकंदांत पुरं झालं तर ते फक्त जड आहे. डिझाईनचे तुकडे करून काढा. तरीही अडकलं तर शेडरमध्ये (कार्डावर चालणाऱ्या तुमच्या छोट्या प्रोग्रॅममध्ये) न संपणारा लूप आहे का पाहा.

त्याआधी मशीनची बाजू उघडा. मागाजवळच्या मशीनमध्ये कार्डाच्या पंख्यात कापसाचे तंतू दाटतात, आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार गेला की कार्ड तापून अडखळतं. साफ करून दुसरा एखादा जड थ्रीडी प्रोग्रॅम अर्धा तास चालवा. तोही पडला तर तुमचा कोड बाजूला ठेवून कार्ड, पॉवर सप्लाय आणि ड्रायव्हर तपासा.

प्रोग्रॅम तुमचाच असेल तर ओपनजीएल कॉन्टेक्स्ट बनवताना ‘रोबस्टनेस’ ही सोय मागा आणि रीसेटची सूचनाही चालू ठेवा. मग प्रत्येक फ्रेमनंतर रीसेट स्टेटस विचारता येतं. उत्तरात ‘गिल्टी’ आलं तर तुमच्याच कामामुळे कार्ड अडकलं, ‘इनोसंट’ आलं तर दुसऱ्या कुणामुळे. ‘अननोन’ही येतं, तेव्हा वरचीच तपासणी करावी लागते.