वाचकांचे प्रश्न : छातीवरची कवटी कोणाची?

प्रश्न : सुटीत पुण्याहून आलेल्या नातवाच्या काळ्या टी-शर्टवर लांब दातांची पांढरी कवटी होती आणि पुढे लातूरच्या गंजगोलाईत उभ्या असलेल्या दोन बुलेटच्या टाक्यांवरही तीच चिकटवलेली दिसली. नातू सांगतो की, हा कॉमिक्समधला पनिशर नावाचा नायक असून तो गुन्हेगारांना ठार मारतो. खून करणारा माणूस नायक कसा झाला?
— एक वाचक, औसा

उत्तर : आपली शंका रास्त आहे, कारण पनिशरला नायक म्हणून जन्माला घातलेच नव्हते. फेब्रुवारी १९७४ च्या ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन’ या मासिकाच्या १२९ व्या अंकात तो प्रथम आला, तोच मुळी स्पायडर-मॅनच्या जिवावर उठलेला मारेकरी म्हणून. लेखक गेरी कॉनवे तेव्हा विशी-एकविशीतले होते. त्यांनी या पात्राच्या छातीच्या एका बाजूला लहानशी कवटी कल्पिली होती; चित्रकार जॉन रोमिटा यांनी ती छातीभर पसरवली आणि तिचे दात थेट कमरेच्या काडतुसांच्या पट्ट्यापर्यंत ओढले. पनिशर हे नाव मार्व्हल या प्रकाशन कंपनीचे स्टॅन ली यांनी सुचवले. आमच्या मते त्याच्या पुढील लोकप्रियतेत कथेइतकाच वाटा रोमिटांच्या या रेषांचा आहे, कारण हे चिन्ह नाव न वाचताही ओळखू येते.

पनिशरचे खरे नाव फ्रँक कॅसल. तो व्हिएतनाम युद्धातून परतलेला सैनिक असून न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये गुंडांनी त्याची पत्नी व मुले मारली, ही पूर्वकथा १९७५ मध्ये आली. ती आली कृष्णधवल मासिकात, कारण रंगीत कॉमिक्सवर प्रकाशकांनीच १९५४ मध्ये लादून घेतलेल्या आचारसंहितेचे बंधन होते आणि अशी मासिके त्या बंधनाबाहेर होती. यानंतर तो बराच काळ इतरांच्या कथांत पाहुणा म्हणूनच वावरला. लेखक स्टीव्हन ग्रँट आणि चित्रकार माइक झेक यांची पाच अंकांची मालिका १९८६ मध्ये निघाली, पुढच्याच वर्षी त्याचे स्वतंत्र मासिक सुरू झाले आणि १९९२ पर्यंत त्याच्या नावाची तीन मासिके एकाच वेळी चालू होती. अतिरेक इतका झाला की, १९९५ मध्ये तिन्ही बंद करावी लागली. २००० मध्ये लेखक गार्थ एनिस यांनी काळ्या विनोदाची जोड देऊन त्याला पुन्हा उभे केले.

अशा पात्राला मराठीत प्रतिनायक म्हणावे, तर तो शब्द नायकाच्या प्रतिस्पर्ध्यासाठी आधीच रूढ आहे. म्हणून अँटी-हीरो, म्हणजे नायकाचे रूढ गुण नसलेला नायक, हाच शब्द चालू द्यावा. नव्वदच्या दशकात आपल्या बसस्थानकांवरील स्टॉलवर मिळणाऱ्या राज कॉमिक्समधला, कुत्र्याचा मुखवटा घालणारा डोगा याच जातकुळीचा. आपल्या मुलाला तो नक्की आठवेल.

अमेरिकेतील काही सैनिक आणि पोलीसही ही कवटी मिरवू लागले, तेव्हा कॉनवे यांनी जाहीरपणे आक्षेप घेतला. कायद्याची यंत्रणा कोलमडल्यामुळे निर्माण झालेल्या माणसाचे चिन्ह कायदा राखणाऱ्यांनी वापरणे त्यांना मान्य नव्हते. २०१९ च्या एका अंकात तर फ्रँक स्वतःच पोलिसांच्या गाडीवरील हे चित्र फाडतो आणि आदर्श हवा असेल तर कॅप्टन अमेरिका या मार्व्हलच्याच सरळमार्गी नायकाकडे पाहा, असे त्यांना सुनावतो. पुढे २०२२ मध्ये मार्व्हलने कवटीला शिंगे देऊन चिन्ह बदलले. गंजगोलाईतल्या बुलेटवर आपण पाहिली ती मात्र रोमिटांची जुनीच.