वारस, वारसदार की दावेदार? एका पुतण्यासाठी शब्द शोधताना

प्रश्न एका फँटसी कादंबरीच्या मसुद्यातून आला आहे. कल्पित राज्यातल्या सरदार घराण्याचा प्रमुख निपुत्रिक वारतो. गादी पुतण्याकडे जाणार हे सगळ्यांनी धरलेलं असतं, तोच कळतं की प्रमुखाच्या पत्नीला दिवस गेले आहेत. मसुद्यातलं वाक्य असं: 'ही बातमी येईपर्यंत पुतण्याच घराण्याचा वारसदार होता.' वारस, वारसदार, उत्तराधिकारी, दावेदार यांत फरक काय, आणि या पुतण्याला नेमकं काय म्हणावं, असं ती कादंबरी लिहिणाऱ्यांनी विचारलं आहे.

आधी वारस आणि वारसदार. वारस हा मूळचा अरबी 'वारिस', आणि त्याचा अर्थच 'वारशाने घेणारा'. घेणारा माणूस शब्दातच बसलेला आहे. 'दार' हा प्रत्यय एरवी वस्तूला किंवा हक्काला लागतो: हिस्सा–हिस्सेदार, ठेका–ठेकेदार, दावा–दावेदार. वारसदार हा 'वारसा'पासून झाला म्हणावं, तर या ओळीत बसायला तो 'वारसेदार' व्हायला हवा होता. म्हणजे वारसाला वर 'दार' जोडून एकच काम दोनदा केलेलं आहे. तरी तो खोडायचं कारण नाही, बोलण्यात पक्का रुळला आहे. पण दरबारी घोषणेत, मृत्युपत्रात, शिक्क्याच्या कागदात 'वारस'च लिहा. तिथे तो जास्त भारदस्त वाटतो.

उत्तराधिकारी वेगळा. उत्तर म्हणजे नंतरचा, आणि अधिकार म्हणजे पद. वारस मालमत्ता घेतो आणि नात्याने ठरतो. उत्तराधिकारी पद घेतो आणि तो नेमताही येतो. एकाच घराण्यात जमीनजुमल्याची वारस मुलगी आणि गादीचा उत्तराधिकारी पुतण्या, असं होऊ शकतं. तुमच्या कथेत ही फट फार उपयोगी पडेल. युवराज तर पदच आहे, त्यासाठी अभिषेक लागतो. नुसतं थोरलं असून कोणी युवराज होत नाही.

आता खरा प्रश्न: जो आज वारस आहे, पण उद्या मूल जन्मलं की राहणार नाही, त्याला काय म्हणायचं? 'संभाव्य वारस' चालेल, पण तो मला ढिला वाटतो. संभाव्य तर जन्माला येणारं मूलही आहे. इथे आपल्या धर्मशास्त्राने करून ठेवलेली जोडी बघा. विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेत, म्हणजे याज्ञवल्क्यस्मृतीवरच्या टीकेत, दाय, म्हणजे वारशाने येणारं धन, दोन प्रकारचं आहे. मुलाला, नातवाला जन्मतःच ज्यात हक्क मिळतो तो अप्रतिबंध दाय. भावाला, काकाला, पुतण्याला जो मिळतो तो सप्रतिबंध, कारण मुलगा असणं हाच त्याच्या वाटेतला प्रतिबंध असतो. पुतण्याची अख्खी अवस्था या एका विशेषणात मावली आहे. कादंबरीत एखादा वृद्ध न्यायशास्त्री असेल, तर त्याच्या तोंडी 'हा सप्रतिबंध वारस' हे शब्द घाला. निवेदनात मात्र हा शब्द जड होईल. तिथे मी 'तूर्तचा वारस' लिहीन. हा शब्दप्रयोग माझा आहे, पण समजावून सांगावा लागत नाही.

पुतण्यावरून आणखी एक गोष्ट, जी वाचून मी पहिल्यांदा चकित झालो होतो. संस्कृतात पुतण्याला भ्रातृव्य म्हणतात. पाणिनी एका सूत्रात हा शब्द भावाच्या मुलासाठी देतो, आणि लगेच पुढच्या सूत्रात, 'व्यन् सपत्ने', तोच शब्द वेगळ्या स्वराने शत्रूसाठी देतो. मराठीने हेच वेगळ्या वाटेने केलं आहे. 'की' लावून आपण पद किंवा नातं सांगतो: पाटीलकी, वडीलकी. त्या हिशेबाने भाऊबंदकी म्हणजे फक्त भाऊबंद असणं. पण आज तिचा अर्थ भांडण एवढाच उरला आहे.

तुमचा प्रसंग मराठी इतिहासात जवळजवळ जसाच्या तसा घडला आहे, फक्त तिथे पुतण्याऐवजी काका होता. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि काका रघुनाथराव पेशवे झाले. नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई तेव्हा गरोदर होत्या. बारभाईंनी, म्हणजे रघुनाथरावांविरुद्ध एकत्र आलेल्या मुत्सद्द्यांनी, त्यांना पुरंदरावर नेलं, कारभार त्या न जन्मलेल्या मुलाच्या बाजूने चालवला, आणि 18 एप्रिल 1774 रोजी सवाई माधवराव जन्मले. पोटातल्या जिवासाठी राज्यकारभार सांभाळणाऱ्या या मंडळींना इतिहास 'कारभारी' म्हणतो. तुमच्याकडे विधवेच्या बाजूने उभे राहणारे सरदार असतील, तर 'राजप्रतिनिधी'पेक्षा 'कारभारी' लिहा. त्यात सत्तेचा वास आहे.

म्हणूनच माझा सल्ला असा की या पुतण्यासाठी एकच शब्द शोधू नका. त्याची माणसं त्याला 'हक्कदार' म्हणतील, विधवेच्या गोटात तो 'दावेदार' असेल, आणि शास्त्री त्याला 'सप्रतिबंध' म्हणतील. हक्कदारात हक्क मान्य झालेला असतो, दावेदारात तो अजून सिद्ध व्हायचा असतो. कोण कुठला शब्द वापरतो यावरूनच वाचकाला बाजू कळेल. फक्त 'तोतया' या भांडणात आणू नका. तोतया हक्काबद्दल खोटं बोलत नाही, आपण कोण आहोत याबद्दलच खोटं बोलतो. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून प्रकटलेला आणि 1776 मध्ये देहदंड झालेला तो तोतया.

बाळाबद्दल पुतण्याचे लोक काय कुजबुजतील, तेही ठरवून घ्या. औरस हा शब्द उरस्, म्हणजे छाती, यावरून आला. 'अनौरस' ही सरसकट शिवी झाली. मनुस्मृतीने मुलांचे बारा प्रकार केले आहेत आणि त्यांत पहिले सहा वारस धरले आहेत. घरातच जन्मलेला, पण बाप नक्की न कळलेला 'गूढोत्पन्न' या वारस सहांत आहे. कुमारिकेला झालेला 'कानीन' नाही. म्हणजे अफवा खरी ठरली तरी शास्त्री म्हणू शकतो, 'गूढोत्पन्न असला तरी दायाद आहे.' दायाद म्हणजे दाय घेणारा. मराठीत आज तो कमी ऐकू येतो, पण अशा कथेत तो परत यावा असं मला मनापासून वाटतं.

मसुद्यातले दोन शब्द मात्र बदलाच. 'बेवारस गादी' वाचताना आज फलाटावरची बॅग डोळ्यांपुढे येते. 'गादी रिकामी पडली' लिहा. आणि जमीन पिढीजात असेल तर 'जहागीर' नको, 'वतन' हवं. जहागीर देणारा ती काढूनही घेऊ शकतो. घराण्याच्या शाखांसाठी 'थोरली पाती' आणि 'धाकटी पाती' घ्या. देवासच्या पवारांची दोन संस्थानं याच नावांनी ओळखली जात.

राहिलं व्याकरण. उत्तराधिकारीचं उत्तराधिकारिणी होतं. 'वारस'ला वेगळं स्त्रीलिंगी रूप नाही. 'ती वारस आहे' बरोबरच आहे. पण 'वारस जन्माला आला' असं क्रियापद आलं की ऐकणारा मुलगाच समजतो. बाळंतिणीच्या दालनातून दासी बाहेर येते, 'वारस जन्माला आला' म्हणते, पुतण्या तलवार खाली ठेवतो, आणि मग आतून सुईण विचारते, 'मुलीचं नाव काय ठेवायचं?'